ओव्हरक्लॉकवाल्यांची झोपमोड

बायोस उघडायचं, मल्टिप्लायर वाढवायचा, व्होल्टेज एका आकड्यावर पक्कं करायचं आणि मग प्रोसेसरच्या पानावर जाऊन एकेक सोय मारत सुटायचं. स्पीडस्टेप बंद, सी१ई बंद, सी३ बंद, सी६ बंद. एएमडीचं यंत्र असेल तर ‘कूल अँड क्वाएट’ आणि ‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’ बंद. शेवटी विंडोजमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ प्लॅन. ओव्हरक्लॉकिंगची दीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानात गेली पंधरा-वीस वर्षं हा मंत्र फुंकला जातो. लॅमिंग्टन रोडवर यंत्र जोडून देणारा जाणता तो सांगतो, इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधला सीनिअर तो सांगतो. का म्हणून विचारलं, तर दोघांचं उत्तर एकच: ‘स्टेबल राहतं.’

हा सल्ला एके काळी बरोबर होता, हे आधीच मान्य करतो. त्याला तेव्हा ठोस तांत्रिक कारण होतं. ते कारण २०११ साली संपलं. सल्ला मात्र मागे राहिला. आज तो पाळणाऱ्याला स्थिरता मिळत नाही, त्याच्या ओव्हरक्लॉकमधला कच्चेपणा तेवढा झाकला जातो. आणि त्या झाकपाकीची किंमत प्रोसेसर मोजतो.

मुळात बंद काय करतात तेच अनेकांना नीट ठाऊक नसतं, कारण दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात. स्पीडस्टेप आणि कूल अँड क्वाएट या वेगाच्या पायऱ्या आहेत. काम कमी झालं की क्लॉक खाली येतो आणि त्याच्याबरोबर व्होल्टेजही. सी-स्टेट म्हणजे झोप, हलकी किंवा गाढ. सी१मध्ये कोअरचा क्लॉक थांबतो, बाकी सगळं जागच्या जागी. सी१ईमध्ये थांबताना वेग-व्होल्टेजची पायरीही खाली येते. सी३मध्ये कोअर स्वतःची कॅश रिकामी करतो. सी६मध्ये तो आपली सगळी अवस्था बाजूला साठवून ठेवतो आणि त्याचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर जातं. २००८ च्या नेहालेमपासून इंटेलच्या डेस्कटॉप चिपमध्ये प्रत्येक कोअरला यासाठी स्वतंत्र पॉवर गेट आहे.

चालू ट्रान्झिस्टरला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर धावणारा कोअर १.६ गिगाहर्ट्झ आणि ०.९५ व्होल्टवर उतरला, तर क्लॉकमुळे २.८ पट आणि व्होल्टेजमुळे २ पट, मिळून साडेपाच पटींहून जास्त फरक पडतो. गळती वेगळीच. ती व्होल्टेज आणि तापमानाबरोबर वाढते, आणि कोअर काम करो की माश्या मारत बसो, ती थांबत नाही. तिला थांबवतं ते फक्त सी६. म्हणून कोणी क्लॉक ४.५ वर बांधून ठेवला, पण सी६ चालू ठेवलं, तर फारसं बिघडत नाही. झोपलेल्या कोअरला आपला क्लॉक किती आहे याच्याशी काय देणंघेणं? खरा घात होतो तो सी६ मारल्यावर, आणि मंत्रात नेमकं तेच ठासून सांगितलेलं असतं.

या मंत्राला परंपरेचं मोठं वलय आहे, म्हणून परंपरेतलीच एक गंमत सांगतो. प्रोसेसरला थांबवणारी हॉल्ट ही सूचना १९७८ च्या ८०८६ पासून आहे. लिनक्स आणि विंडोज एनटी रिकाम्या वेळी ती वापरत. विंडोज ९५ आणि ९८ वापरत नसत. तिथे काम नसलं तरी प्रोसेसर आपला गोल गोल फिरत राहायचा. तो काळ सेलेरॉन ३००ए चा, म्हणजे १९९८ चा. ६६ मेगाहर्ट्झची बस १०० वर नेली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर जायचा, आणि ओव्हरक्लॉकिंग हा शब्द घरोघरच्या पोरांना त्यानेच शिकवला. त्या काळच्या ओव्हरक्लॉकवाल्यांनी काय केलं? ‘रेन’, ‘सीपीयू-आयडल’ असले छोटे प्रोग्रॅम शोधून, मुद्दाम घालून, विंडोजला हॉल्ट वापरायला लावलं. प्रोसेसर थंड राहावा म्हणून! आजच्या शिष्यांचे आद्यगुरू यंत्राला झोपवण्यासाठी धडपडत होते.

मग सल्ला उलटा कधी झाला? इथे पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ नाही. २००६ च्या कोअर २ ड्युओ ई६६०० चं उदाहरण घ्या. फ्रंट साइड बस २६६ मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर ९, गुणाकार २.४ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर वर नेण्याला कुलूप होतं, त्यामुळे वेग वाढवायचा तर बस वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बस ४०० वर नेली की ३.६ गिगाहर्ट्झ हाती यायचे. उत्तम. आता यंत्र रिकामं बसलं आणि स्पीडस्टेपने मल्टिप्लायर ६ वर आणला. कारखान्यातल्या बसवर ही तळाची पायरी १.६ गिगाहर्ट्झची असते. वाढवलेल्या बसवर ती झाली ६ गुणिले ४००, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ! आणि त्या पायरीचं व्होल्टेज? ते कारखान्यात १.६ साठीच चिपमध्ये कोरलेलं. म्हणजे तळाची पायरीही न सांगता दीडपट ओव्हरक्लॉक झाली होती, आणि तीही सर्वांत कमी व्होल्टेजवर. भर कामात तासन्तास धावणारं यंत्र जरा निवांत झालं की गोठायचं, ते यामुळे. काही मदरबोर्डांवर व्होल्टेज हाताने भरलं की ते खाली यायचंच नाही, म्हणजे यंत्र पडायचं नाही, पण बचतही फारशी व्हायची नाही. दोन्हीकडून विचार केला तरी स्पीडस्टेप बंद करणं शहाणपणाचंच होतं. नेहालेममध्येही चाल तीच राहिली. आय७-९२० चा बेस क्लॉक १३३ वरून २०० वर नेऊन २० च्या मल्टिप्लायरवर ४ गिगाहर्ट्झ घेत. तळाचा मल्टिप्लायर १२, म्हणजे १.६ ची पायरी पुन्हा २.४ वर.

हे इतक्या खोलात सांगण्याचं कारण एवढंच, की ज्यांनी हा सल्ला पहिल्यांदा दिला ते अडाणी नव्हते. त्यांच्याकडे कारण होतं. त्यांची री ओढणाऱ्यांकडे ते राहिलेलं नाही.

जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आला आणि सगळा पट बदलला. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, आणि त्याच्यावर पीसीआय एक्स्प्रेसपासून साटापर्यंत सगळ्यांचं घड्याळ टांगलेलं. तो चार-पाच मेगाहर्ट्झपलीकडे हलवला की यंत्र तक्रार करू लागतं. त्याऐवजी ‘के’ अक्षराच्या चिपांना मल्टिप्लायर मोकळा मिळाला, आणि वाढवायचा तो टर्बोचा मल्टिप्लायर. आय५-२५००के चा मूळ वेग ३.३, कारखान्यातला टर्बो ३.७. तुम्ही टर्बोच्या रकान्यात ४५ लिहिलं की भाराखाली ४.५ गिगाहर्ट्झ. आणि रिकाम्या वेळी? १६ गुणिले १००, म्हणजे १.६. जशीच्या तशी, कारखान्यातल्याच व्होल्टेजवर. ओव्हरक्लॉक फक्त शिखरावर झाला. पायथ्याला कोणी हात लावलेला नाही. ज्या पायरीमुळे २००६ साली यंत्र पडत होतं, ती पायरी आता न छेडलेल्या चिपसारखीच आहे. तरीही मंत्र चालूच.

याहून नवल म्हणजे, ज्या टर्बोच्या खांद्यावर बसून हे लोक वेग वाढवतात, तो टर्बो स्वतः झोपेवर अवलंबून असतो. नेहालेममध्येच ते दिसलं होतं. आय७-९२० चे चारही कोअर जागे असतील तर टर्बो २.८० गिगाहर्ट्झ, एकच कोअर कामात असेल तर २.९३. पण बाकीचे तीन कामात नाहीत, हे चिपने ओळखायचं कशावरून? ते सी३ किंवा सी६ मध्ये गेले यावरून. सी-स्टेट बंद केलं की तिघेही कायम जागे धरले जातात आणि एकट्या कोअरला मिळणारी वरची पायरी हातची जाते. रायझनवर मल्टिप्लायर हाताने बांधून टाकणारे तर सगळा स्वयंचलित बूस्टच सोडून देतात. सगळ्या कोअरना एकसारखा मधला वेग मिळतो आणि एका धाग्यावर चालणाऱ्या कामात यंत्र कारखान्यातल्यापेक्षा मंद होऊन बसतं. वेगासाठी केलेला हा खटाटोप.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत लाडका पुरावा. ‘ते सगळं ठीक आहे, पण माझं यंत्र रिकामं असतानाच पडतं. सी-स्टेट बंद केलं आणि थांबलं.’ थांबलं असेल, यात वाद नाही. आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नेमका रोग कुठला, ते पाहायला हवं.

बहुतेक वेळा तो ऑफसेटमध्ये असतो. व्होल्टेज ठरवण्याच्या तीन रीती आहेत. फिक्स्ड म्हणजे एकच आकडा सदासर्वकाळ. ऑफसेट म्हणजे चिप जे मागेल त्यात ठरावीक भर किंवा घट. अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणजे खालच्या पायऱ्या चिपच्या स्वाधीन, तुमचा आकडा फक्त टर्बोच्या वेगाला. उन्हाळ्यात तापमान उतरावं म्हणून कोणी ऑफसेटमध्ये ०.१ व्होल्टची घट लिहितो. भाराखाली ती पचते, कारण तिथे चिप ऐसपैस व्होल्टेज मागत असते. पण तीच घट तळाच्या पायरीवरही लागू होते, आणि तिथे एवढी सवड नसते. यंत्र रिकामपणी गोठतं आणि आळ येतो सी६ वर.

दुसरा प्रकार रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरचा. प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं थोडं उतरवायचं, की तेवढ्याच विजेत जास्त बूस्ट मिळतो. सोय फारच सुंदर आहे. पण उणे तीस एकदम सगळ्यांना लावून मोकळे होणारे पुष्कळ. यंत्र भारात टिकतं आणि ब्राउझर उघडून चहा घ्यायला उठलं की रीस्टार्ट झालेलं सापडतं. कारण ज्याला आपण रिकामं म्हणतो, तेव्हा खरं तर एखादा कोअर क्षणभर उठतो, बाकीचे झोपलेले असल्याने थेट सर्वांत उंच क्लॉकवर उडी मारतो, आणि त्या उंचीला लागणारं व्होल्टेज तुम्ही छाटलेलं असतं. सी-स्टेट बंद केल्यावर ही उंच उडी अनेकदा मिळतच नाही, म्हणून यंत्र पडत नाही. दोष होता त्या एका कोअरच्या उणे तीसमध्ये. तो अजून तिथेच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी तपासणीची एक वाईट सवय आहे. आठ तास प्राइम९५ चालवायचं आणि पडलं नाही की ‘रॉक स्टेबल’ म्हणून मिरवायचं. त्या आठ तासांत तपासलं काय? सगळे कोअर भारात, चिप तापलेली, क्लॉक एकाच जागी. यंत्राचं रोजचं आयुष्य असं असतं का? ते दिवसभर झोपतं, उठतं, क्षणभर धावतं, पुन्हा झोपतं. या चढउतारांतच व्होल्टेज दचकतं आणि ओव्हरक्लॉकची खरी परीक्षा होते. परीक्षेचा अवघड पेपरच रद्द करून पहिला नंबर आल्याचे पेढे वाटणं, यापलीकडे सी-स्टेट बंद करून मिळवलेल्या ‘स्थिरते’ला काही अर्थ नाही.

‘झोपेतून उठायला वेळ लागतो, गेम अडखळतो,’ हा पुढचा आक्षेप. वेळ लागतो, खरंच लागतो. किती, ते लिनक्सच्या इंटेल-आयडल ड्रायव्हरमध्ये स्कायलेकच्या रकान्यात उघड लिहिलेलं आहे: सी१ मधून बाहेर यायला २ मायक्रोसेकंद, सी१ई मधून १०, सी६ मधून ८५. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे ६,९०० मायक्रोसेकंदांची असते. म्हणजे सी६ ची पूर्ण झोपमोड फ्रेमच्या ऐंशीव्या हिश्श्यात बसते. शिवाय गेम ऐन रंगात असताना त्याचे कोअर गाढ झोपतात कशाला? पुढचं काम लवकरच येणार असा अंदाज असला की ऑपरेटिंग सिस्टीम उथळ झोपेवरच भागवते. वेगाच्या पायऱ्यांबाबत तक्रार जास्त रास्त होती. पूर्वी त्या ऑपरेटिंग सिस्टीम ठरवायची आणि वर चढायला कित्येक मिलिसेकंद जायचे. २०१५ च्या स्कायलेकबरोबर स्पीड शिफ्ट आलं, ते काम चिपनेच हाती घेतलं आणि तीही तक्रार बरीचशी मिटली. छोट्या छोट्या तुकड्यांत एसएसडी वाचण्याच्या चाचणीत सी-स्टेट बंद असताना आकडे थोडे वर जातात, हे मात्र खरं. चाचणीचे आकडे खाऊन ज्याचं पोट भरतं, त्याने जरूर बंद करावं.

आता आयुष्याचा प्रश्न. इथे प्रतिपक्ष दोन गोष्टी म्हणतो. पहिली: ‘रिकाम्या वेळी विद्युत प्रवाहच नसतो, मग व्होल्टेज वर राहिलं म्हणून काय झालं?’ हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे, म्हणून फसवा. चिपमधल्या धातूच्या तारा झिजवणारं इलेक्ट्रोमायग्रेशन प्रवाहावर अवलंबून असतं. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली मांडलेलं समीकरण तेच सांगतं: प्रवाहाची घनता आणि तापमान. रिकाम्या चिपमध्ये ती झीज कमीच. पण ट्रान्झिस्टर म्हातारा होण्याची दुसरीही वाट आहे, बायस टेम्परेचर इन्स्टॅबिलिटीची. तिला प्रवाह लागतच नाही. गेटवर व्होल्टेज नुसतं टेकून राहिलं तरी पुरतं. त्याने ट्रान्झिस्टरचा उंबरठा हळूहळू सरकतो, आणि काल १.३० व्होल्टवर धावणाऱ्या चिपला उद्या तेवढ्याच वेगासाठी १.३२ लागतात. व्होल्टेज काढून घेतलं की यातला काही भाग भरून येतो. म्हणजे सी६ मध्ये गेलेल्या कोअरची झीज थांबते आणि थोडी सावरतेही. दिवसरात्र १.३५ वर ताटकळत ठेवलेल्या कोअरला ही संधीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट: ‘सारखं तापून-थंड होण्याने सोल्डरचे सांधे थकतात.’ थकतात. पण तापमान वर नेतं कोण? भार. रिकाम्या वेळी ३८ अंशांऐवजी ४५ अंश ठेवून, भाराखालच्या ८५ पर्यंतचा हेलकावा ४७ चा ४० होतो. एवढ्या सात अंशांसाठी चिप अहोरात्र जास्त तापत ठेवायची, हा सौदा मला तरी कळलेला नाही.

या विषयावर २०२४ साली सोनारानेच कान टोचले. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या चिपा गेममध्ये कोसळू लागल्या होत्या, न छेडलेल्यासुद्धा. एप्रिलमध्ये इंटेलने मदरबोर्ड बनवणाऱ्यांसाठी काढलेलं एक टिपण बातम्यांमध्ये आलं. अस्थिरतेचा धोका वाढवणाऱ्या सेटिंगच्या त्यातल्या यादीत सी-स्टेट बंद करणं होतं आणि विंडोजचा ‘अल्टिमेट परफॉर्मन्स’ मोडही होता. जी गोष्ट स्थिरतेसाठी म्हणून वीस वर्षं सांगितली जाते, ती चिप बनवणाऱ्याने अस्थिरतेच्या खात्यात लिहिली. सप्टेंबरमध्ये मूळ कारणही जाहीर झालं: चढ्या व्होल्टेज-तापमानात कोअरमधल्या क्लॉक-वृक्षाचं सर्किट अकाली म्हातारं होत होतं. ऑगस्टच्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टवरच्या मागण्यांना लगाम घातला होता. सप्टेंबरचा ०एक्स१२बी आला तो रिकाम्या आणि हलक्या कामाच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या जादा व्होल्टेजसाठी. रिकाम्या वेळी! जिथे ‘काय झालं’ म्हणून हे लोक खांदे उडवतात, तिथेच चिप झिजत होती.

यावर एक हुशार उत्तर येतं, ते टाळून चालणार नाही. ‘म्हणजे चिपच्या मर्जीवर सोडलेलं व्होल्टेजच घातक निघालं ना? आम्ही १.३० वर बांधलं असतं तर १.५५ ची उसळी आलीच नसती.’ बरोबर, त्या उसळीपेक्षा १.३० वर बांधलेलं बरंच बरं. पण यातून निघतो तो एवढाच निष्कर्ष, की उसळीला वरून कमाल मर्यादा घालावी. तशी सोय त्या पिढ्यांच्या मदरबोर्डांवर आहे, व्होल्टेज लिमिट या नावाने. ती लावा, मायक्रोकोड ताजा ठेवा, आणि सी६ चालू राहू द्या. उंची आवरण्यासाठी झोप उडवायची गरज कुठे पडते?

विजेच्या बिलाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण वीज वाचवा म्हणणारे त्याचा अतोनात गवगवा करतात आणि मग खोटे पडतात. धरा, रिकाम्या वेळचा फरक ४० वॅटचा आहे आणि यंत्र रोज आठ तास तसं बसतं. महिन्याला साडेनऊ-दहा युनिट झाले. महावितरणच्या शंभर युनिटांच्या कडेवर असलेल्या घराला तेवढे पुढच्या टप्प्याच्या दराने पडतील, बाकीच्यांना जाणवणारही नाहीत. ज्याने ग्राफिक्स कार्डावर पगार ओतला आहे, त्याला दहा युनिटांची भीती घालणं हास्यास्पद आहे. पण वीज गेल्यावर काय होतं ते पाहा. घरोघरच्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. हाती त्याहून बरेच कमी येतात, आणि ओढ जितकी जास्त तितके आणखी कमी. फाइल सेव्ह करून यंत्र नीट बंद करण्याच्या त्या मिनिटांमध्ये ४० वॅट म्हणजे चैन नव्हे.

आणि उन्हाळा. परदेशी परीक्षणं वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. कुलर खोलीच्या तापमानावर भर घालतो, त्याच्या खाली कधी उतरत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच ३८ अंशांवर असते, आणि तिथे परीक्षणातला आकडा जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्याची चिप भाराखाली तेरा ते अठरा अंशांनी जास्त तापते. झोपेमुळे भाराखालचं तापमान कमी होत नाही, हे कबूल. पण बंद खोलीत दिवसभर ४० वॅटची जादा शेगडी पेटवून ठेवायची आणि मग पंख्याच्या आवाजाबद्दल कुरकुर करायची, हे काही बरं नाही.

सी-स्टेट बंद करण्याचा हक्क कोणाला आहे? आहे काही जणांना. द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रमासाठी बसणाऱ्यांना, ज्यांना यंत्र दहा मिनिटं टिकलं तरी पुरतं. २०११ साली एएमडीच्या एफएक्स-८१५० ने द्रवरूप हेलियमवर ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले, तिथे झोपेचा विचार कोण करील? मला तर दाट संशय आहे की आजचा मंत्र त्याच आखाड्यातून घरगुती यंत्रांत शिरला. अगदी लहान बफरवर थेट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही तो हक्क आहे, आवाजात टिकटिक येत असेल तर. शेअरबाजारात मायक्रोसेकंदांवर धंदा करणारे आपले सर्व्हर ओव्हरक्लॉकही करतात आणि जागेही ठेवतात. त्यांचं ८५ मायक्रोसेकंदांत खरोखर नुकसान होतं. आणि जुना पॉवर सप्लाय असलेल्यांना. २०१३ च्या हॅसवेलची सी६-सी७ मधली झोप इतकी गाढ, की १२ व्होल्टच्या तारेवरची ओढ ०.०५ अँपिअरपर्यंत उतरू शकते, आणि काही जुन्या पॉवर सप्लायना एवढ्या कमी ओढीवर तोल सांभाळता येत नाही. रायझनच्या बायोसमध्ये पॉवर सप्लायच्या नावाने ‘टिपिकल करंट आयडल’ची सोय दिलेली असते, तीही याच दुखण्यावर. अशा यंत्रावर गाढ झोप बंद ठेवा, पण सी१ई आणि स्पीडस्टेप यांचा त्यात काही अपराध नाही.

बाकीच्यांनी क्रम असा ठेवावा. आधी व्होल्टेज फिक्स्ड ठेवून भाराखालचा वेग शोधा. तपासणीच्या त्या दिवसापुरतं फिक्स्ड सोयीचं आहे, कारण बदलणाऱ्या गोष्टी जितक्या कमी तितका दोष लवकर सापडतो. वेग ठरला की तोच आकडा अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये टाका. हॅसवेलवर असाल तर एक जपा: अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये एव्हीएक्सचा जड भार आला की चिप तुमच्या आकड्यावर ०.१ व्होल्टच्या आसपास स्वतःहून चढवते. तेव्हा प्राइम९५ ची नवी आवृत्ती तिथे चालवून बसू नका. भाराखाली खचणारं व्होल्टेज उचलून धरणारं लोड-लाइन कॅलिब्रेशन सर्वांत कडक पायरीवर नेऊ नका. भार एकदम सुटला की व्होल्टेज जे वर उसळतं, ते त्या पायरीवर सर्वांत जास्त असतं. मग सगळे सी-स्टेट चालू करा, विंडोजला ‘बॅलन्स्ड’ प्लॅन द्या, आणि यंत्र रात्रभर काहीही न चालवता नुसतं चालू ठेवा. पुढचे काही दिवस त्यावर फक्त रोजची किरकोळ कामं करा. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हीया-लॉगरच्या नोंदी पाहा. १८ क्रमांक म्हणजे यंत्र कोसळलं होतं. १९ म्हणजे चूक झाली पण चिपने ती सावरून घेतली, तुम्हाला पत्ताही लागला नाही. १९ ची एक जरी नोंद दिसली तरी त्या कोअरचं व्होल्टेज थोडं वाढवा किंवा १०० मेगाहर्ट्झ खाली या, आणि सी६ ला हात न लावता रात्र पुन्हा काढा.